थ्रेशरच्या ट्रॅक्टरसाठी टर्बोचा इनटेक मॅनिफोल्ड : कामाच्या नोंदी

ट्रॅक्टर जुना आहे आणि त्याची वॉरंटी केव्हाच संपलेली आहे. इंजिन तीन सिलिंडरचे, २.५५ लिटरचे डिझेल असून मूळचे टर्बोविना होते. हिंगणघाट तालुक्यातील आमच्या वर्कशॉपमध्ये त्याला जुना लहान टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून हवा दाबून भरणारे यंत्र) बसवला आहे आणि बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला जादा दाब, ०.६ बारच्या वर जाऊ द्यायचा नाही असे ठरवले आहे. हा ट्रॅक्टर वर्षातला बहुतेक काळ मळणीयंत्रावर चालतो, म्हणजे पीटीओ (यंत्रे चालवणारा ट्रॅक्टरचा फिरता दांडा) मिनिटाला ५४० फेऱ्यांवर आणि इंजिन जवळजवळ सतत १५०० आरपीएमवर असते. पुढच्या सगळ्या निर्णयांमागे हीच एक गोष्ट आहे.

१८ फेब्रुवारी

टर्बो लागला, तेलाचा पुरवठा आणि परतीचा उतार नीट झाला, बूस्ट मिळाला, तरी इंजिनाने अपेक्षेएवढा दम धरला नाही. हरभऱ्याची पेंढी जाड पडली की काळा धूर येतो. इन्फ्रारेड थर्मामीटरने एक्झॉस्टच्या प्रत्येक तोंडापाशी लोखंडाचे तापमान घेतले, तेव्हा रेडिएटरकडून पहिल्या सिलिंडरला ३९५, दुसऱ्याला ४०५ आणि तिसऱ्याला ४५५ अंश सेल्सिअस आले. पहिल्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या, डिझेल फवारणाऱ्या नोझलची अदलाबदल करून पुन्हा मोजले. उष्णता नोझलबरोबर पहिल्या सिलिंडरकडे गेली नाही, ती तिसऱ्याच सिलिंडरवर राहिली. म्हणजे दोष डिझेलचा नाही, हवेचा आहे. डिझेल सारखे आणि हवा कमी असली की एक्झॉस्ट तापतो.

मूळ मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटून देणारा भाग, बिडाची एक अरुंद नळी आहे. तिचे तोंड पहिल्या सिलिंडरजवळ असून तिन्ही फाटे आखूड आहेत. टर्बो हवा दाबून भरतो, मग मॅनिफोल्ड कसाही असला तरी चालते, असे आपल्याकडचे अनेक मिस्त्री सांगतात. हे मत मला पटत नाही, आणि ते तपासण्यासाठीच हे काम हाती घेतले आहे.

२७ फेब्रुवारी

मोजमापाची सोय आधी केली. मळणीचा भार क्षणाक्षणाला बदलतो, त्यामुळे त्यावर तुलना करता येत नाही. मंडप डेकोरेशनवाल्या भाऊंकडून २५ केव्हीएचा अल्टरनेटर भाड्याने आणला, तो पीटीओवरून पट्ट्याने चालवला आणि पाण्याच्या टाकीत बुडवलेल्या हीटरवर २० किलोवॅटचा भार दिला. पुल्या अशा निवडल्या की अल्टरनेटरची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ असताना इंजिन १५०० आरपीएमवर असते, त्यामुळे वेगळा टॅकोमीटर लागत नाही. डिझेल खुणा केलेल्या बाटलीतून दिले आणि ५०० मिलिलीटरला लागणारा वेळ घड्याळावर घेतला. जुन्या मॅनिफोल्डवर तो ३ मिनिटे ४८ सेकंद आला.

टाकीतले पाणी लवकर उकळू लागते. विहिरीवरच्या मोटारीचे पाणी टाकीतून वाहते ठेवल्याशिवाय ही चाचणी सलग करता येत नाही.

६ मार्च

बूस्टच्या घड्याळाचा (दाबमापकाचा) काटा स्थिर दिसतो, पण त्यावर विसंबता येत नाही, कारण त्याच्या नळीत मुद्दाम बारीक छिद्र ठेवलेले असते आणि ते दाबाच्या लहरी पुसून टाकते. म्हणून मॅनिफोल्डमधील दाब तीन बारपर्यंत मोजणारा एमएपी सेन्सर आणि त्याची वाचने नोंदवायला एक आर्डुइनो (लहान इलेक्ट्रॉनिक बोर्ड) घेतले, दोन्हींना मिळून सुमारे ३००० रुपये लागले. आर्डुइनो सेकंदाला हजारो वाचने सहज घेते. तीन सिलिंडरच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना तीन वेळा हवा ओढली जाते, म्हणजे १५०० आरपीएमवर सेकंदाला ३७.५ धक्के बसतात. त्यासाठी हे साधन पुरेसे आहे.

सेन्सर उष्णतेपासून लांब राहावा म्हणून तो स्टिअरिंगजवळ टांगला आणि सव्वा मीटरला थोडी कमी अशी बारीक होज मॅनिफोल्डपर्यंत नेली. पहिल्याच वाचनात दाबाचा चढउतार ०.४ बारचा दिसला. आकडा सुखावणारा होता, पण खोटा होता. होज अर्धी कापली तेव्हा इंजिनात काहीही न बदलता लहरीचा आकार पार बदलला, आणि त्यावरून कारण कळले. एका टोकाला सेन्सरने बंद झालेली नळी स्वतःच्या लांबीच्या चौपट लहरीला प्रतिसाद देते. १.२ मीटर लांबीच्या आणि साधारण ४५ अंश तापमानाच्या हवेने भरलेल्या नळीचा हा आकडा ७५ हर्ट्झच्या आसपास येतो, आणि तो आपल्या ३७.५ च्या बरोबर दुप्पट आहे. इंजिनाच्या लहरीतला दुप्पट फ्रिक्वेन्सीचा भाग नळीच फुगवून दाखवत होती. या गोंधळात मळणीच्या ऐन हंगामातला आठवड्याहून अधिक वेळ गेला.

आता सेन्सर मॅनिफोल्डवरच तीन सेंटिमीटरच्या निपलवर बसवला आहे आणि मध्ये उष्णतारोधक फायबरचा तुकडा दिला आहे. खरा चढउतार ०.०६ बार निघाला. हे काम करणाऱ्यांनी सेन्सरची नळी आखूड ठेवण्याला पहिले स्थान द्यावे, कारण इथे चुकीचे वाचन आले तर पुढचे सगळे पाइप चुकीच्या मापाने कापले जातात.

१४ मार्च

आज कागदावरचे काम केले. हवेची झडप उघडून पिस्टन खाली गेला की रनरमध्ये, म्हणजे त्या सिलिंडरला हवा नेणाऱ्या नळीत, कमी दाबाची लहर बाहेर निघते. मोठ्या पोकळीपाशी पोहोचताच ती उलटून जास्त दाबाची होते आणि परत येते. झडप बंद होण्यापूर्वी ती पोहोचली तर थोडी जास्त हवा आत कोंडली जाते. क्रिसलरने १९६० मध्ये आपल्या ३०० एफ मोटारीला याच हेतूने ३० इंच लांब रनर दिले होते, आणि त्या इंजिनाचा सर्वाधिक टॉर्क २८०० आरपीएमला मिळत असे.

आमचा वेग मात्र १५०० आहे. क्रँक ९० अंश फिरायला इथे १० मिलिसेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात लहर जाऊन येण्यासाठी रनर सुमारे १.९ मीटर लांब हवा. असे तीन रनर ट्रॅक्टरवर मावणार नाहीत.

दुसरा मार्ग तीन सिलिंडरच्या इंजिनाला निसर्गतः अनुकूल आहे. तिन्ही सिलिंडर एकमेकांपासून २४० अंशांवर हवा ओढतात, त्यामुळे एकाचे ओढणे संपत असताना दुसऱ्याचे सुरू होते आणि ती दोन्ही फारशी एकमेकांवर येत नाहीत. एका लहान प्लेनमवर, म्हणजे हवेच्या सामायिक पेटीवर, तिघांना बसवून त्या प्लेनमला एकाच लांब पाइपाने हवा दिली, तर पाइपातील हवेचा स्तंभ आणि प्लेनमची पोकळी मिळून ठरावीक वेगावर झुलू लागतात. सहा सिलिंडरच्या इंजिनांचे तीन-तीनचे दोन गट पाडण्यामागेही हेच कारण आहे. हंगेरीतील ग्युला चेर यांनी टर्बो असलेल्या डिझेल इंजिनांसाठी ही पद्धत विकसित केली, म्हणजे बूस्टखाली लहरी निरुपयोगी होतात हे म्हणणे तेव्हाच निकालात निघाले होते. या पद्धतीचा फायदा अरुंद वेगपट्ट्यात मिळतो. रस्त्यावरच्या गाडीला तो दोष ठरेल, पण मळणीयंत्राला तेच हवे आहे.

लांबी काढताना तापमान फार महत्त्वाचे आहे. ध्वनीचा वेग हवेच्या दाबावर अवलंबून नसतो, तापमानावर असतो. केल्विनमधील तापमानाच्या वर्गमुळाला २०.०५ ने गुणले की तो मीटर प्रतिसेकंद मिळतो. २५ अंशाला तो ३४६ येतो. बाहेर ४२ अंश असताना ०.६ बार बूस्ट दिला आणि कॉम्प्रेसरची (टर्बोच्या हवा दाबणाऱ्या भागाची) कार्यक्षमता ६५ टक्के धरली, तर हवा कॉम्प्रेसरमधून ११० अंशांच्या आसपास तापून निघते. प्लेनमच्या जागी थर्मोकपलने मला १०० अंश मिळाले, म्हणजे वेग ३८७. टर्बोविना इंजिनाचे तयार कोष्टक वापरले असते, तर १५०० साठी केलेला पाइप १६८० ला लागला असता.

एकूण पोकळी अशी धरली : प्लेनम २.४ लिटर, रनर आणि हेडमधील वाटा मिळून ०.८ लिटर, आणि उघड्या सिलिंडरचा सरासरी अर्धा भाग ०.४ लिटर, म्हणजे एकूण ३.६ लिटर. पाइप आणि पोकळीच्या झुलण्याच्या सूत्राने आतून ४५ मि.मी. व्यासाच्या पाइपाला १.१९ मीटर लांबी येते. दोन्ही टोकांची हवा पाइपाबरोबर हलते, म्हणून त्यातून साडेतीन सेंटिमीटर वजा करून १.१५ मीटर कापायचे.

२९ मार्च

प्लेनम अडीच मि.मी. पत्र्याचा, चौकोनी पेटीसारखा केला होता, कारण पत्रा घरात होता आणि पेटी वाकवून घेणे सोपे होते. भारावर चालवल्यावर कोपऱ्यातील वेल्डिंगला चीर गेली. ३० गुणिले १२ सेंटिमीटरच्या सपाट भिंतीवर ०.६ बार म्हणजे सुमारे २२० किलोचा रेटा पडतो, आणि लहरींमुळे तो सेकंदाला ३७ वेळा कमीजास्त होतो. सपाट पत्रा फुगतो, दबतो आणि कोपरा तुटतो. साहित्य व मजुरी मिळून २८०० रुपये वाया गेले.

११ एप्रिल

नवा प्लेनम आतून १०० मि.मी. व्यासाच्या गोल पाइपाचा केला असून त्याची लांबी ३० सेंटिमीटर आहे. गोल भिंत दाबाला वाकत नाही. प्लेनम एवढा रुंद असल्याने त्यातील हवेचा सरासरी वेग सेकंदाला चार मीटरसुद्धा होत नाही, त्यामुळे हवा एका टोकाकडून दिली तरी लांबचा सिलिंडर उपाशी राहू नये.

हेडची फ्लँज १० मि.मी. प्लेटची घेतली. वेल्डिंगने ती वाकते, म्हणून जाड प्लेटला बोल्टने आवळूनच टाके दिले, पूर्ण थंड झाल्यावर सोडली आणि नंतर नागपूरला हिंगणा एमआयडीसीतील एका मशीन शॉपमध्ये पृष्ठभाग सपाट करून घेतला. पाइप काळा घेतला आहे. जी.आय. (जस्ताचा मुलामा दिलेल्या) पाइपाच्या वेल्डिंगचा धूर छातीला घातक असतो आणि आतला जस्ताचा थर सुटून इंजिनात जाऊ शकतो. वेल्डिंगचे शिंतोडे आणि स्लॅग आतून छिन्नीने, तारेच्या ब्रशने आणि शेवटी डिझेलने धुऊन काढले. या कामाला वेल्डिंगपेक्षा जास्त वेळ लागला आणि तो लागायलाच हवा, कारण या नळीनंतर कोणताही फिल्टर नाही.

सगळी तोंडे बंद करून एक बार हवा भरली आणि साबणाचे पाणी लावले. दोन टाक्यांतून फेस आला, ते घासून पुन्हा भरले.

२० एप्रिल

लांब पाइप थेट कॉम्प्रेसरला जोडून चालवले. १३०० ते १९०० पर्यंत वेग बदलत गेलो, पण लहरीचे ठळक शिखर कुठेच मिळाले नाही आणि बूस्टच्या घड्याळाचा काटा मात्र थरथरू लागला. लहर उलटण्यासाठी पाइपाच्या दुसऱ्या टोकाला मोठी पोकळी हवी. कॉम्प्रेसरचे शंखासारखे अरुंद घर ती देत नाही, उलट धक्के सरळ टर्बोच्या पात्यांपर्यंत पोहोचतात.

म्हणून कॉम्प्रेसर आणि लांब पाइप यांच्यामध्ये २०० मि.मी. व्यासाच्या, ४० सेंटिमीटर लांब पाइपाची टाकी करायची ठरवली. तिच्यात साडेबारा लिटर हवा मावते. काहींनी या जागी इंटरकूलर सुचवला. थंड हवा केव्हाही चांगली, पण मळणीच्या वेळी कुटाराचा बारीक भुसा रेडिएटरची जाळीसुद्धा तासाभरात बुजवतो. इंटरकूलर बुजला की हवेचे तापमान चढत राहते आणि त्याबरोबर पाइप ज्या वेगाला लावला आहे तो वेगही सरकतो. या कामासाठी मी तो मुद्दाम टाळला.

२ मे

टाकी बसली. ट्रॅक्टरमध्ये इंजिन हाच सांगाड्याचा भाग असल्याने टाकीचा ब्रॅकेट सरळ पुढच्या बिडाच्या भागाला बोल्ट केला, रबरी पॅड लागले नाहीत. सिलिकॉनच्या होज वापरल्या आणि पाइपांच्या टोकांना वेल्डिंगची गोल कड उभी केली. त्याआधी एका जोडावर तात्पुरती म्हणून लावलेली रेडिएटरची होज टर्बोच्या तेलकट वाफेने मऊ पडून भारावरच निसटली होती.

आज शिखर ठळकपणे मिळाले, चढउतार ०.१९ बार. मात्र ते १५०० ला नव्हे, १७०० ला आले. तापमान पुन्हा तपासले, १०० अंशच होते. उत्तर टाकीच्या आकारात होते. वापरलेले सूत्र पाइपाच्या पलीकडे अमर्याद मोकळी हवा धरते, पण आमच्याकडे साडेबारा लिटरच आहेत. पाइपातील हवा प्लेनममध्ये शिरते तेव्हा टाकीचा दाबही थोडा उतरतो आणि तिला मागे खेचतो. दोन्ही पोकळ्या मिळून एका कडक स्प्रिंगसारख्या वागतात. ३.६ आणि १२.५ यांचा गुणाकार त्यांच्या बेरजेने भागला की २.८ लिटर येतात, आणि तीच कामाची पोकळी धरायची. ३.६ ऐवजी २.८ घेतल्यास वेग साडेतेरा टक्क्यांनी वर जातो, म्हणजे १५०० चे १७००. हिशेब आणि मोजमाप इतके जुळल्यावर पुढचा पाइप निर्धास्तपणे कापता आला.

९ मे

जुन्याच व्यासात पाइप दीड मीटर लांब करावा लागला असता आणि तो बोनेटवरून वळवावा लागला असता. त्याऐवजी दीड इंची काळा पाइप घेतला, जो आतून सुमारे ४२ मि.मी. असतो. अरुंद पाइपात त्याच वेगासाठी लांबी कमी लागते, त्यामुळे १.३० मीटरमध्ये काम झाले. अरुंद पाइपाने हवा अडेल का, याचा हिशेब केला : सरासरी वेग सेकंदाला २१ मीटरच्या आत राहतो आणि दाबाची हानी बारच्या शंभराव्या भागाइतकीही होत नाही.

शिखर १५२० ला आले, चढउतार ०.१७ बार. व्यास कमी झाल्याने घर्षण थोडे वाढले आणि शिखर थोडे बसले, ते मला मान्य आहे. क्रँकच्या पुलीवर चुंबक आणि तो जवळ आल्याचे ओळखणारा हॉल सेन्सर लावून पाहिले, तेव्हा झडप बंद होण्याच्या सुमारास दाब सरासरीपेक्षा वर असल्याचे दिसले. चढउतार कितीही मोठा असला तरी हा क्षण चुकला तर फायदा नाही.

त्याच २० किलोवॅट भारावर एक्झॉस्टची तापमाने ३७५, ३८० आणि ३८५ आली. पूर्वीचा ६० अंशांचा फरक १० वर आला. धूर डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. ५०० मिलिलीटर डिझेल ३ मिनिटे ५६ सेकंद पुरले. ही बचत सुमारे साडेतीन टक्के दिसते, पण बाटली आणि घड्याळाच्या या मापनात दोन टक्क्यांची चूक सहज असू शकते, म्हणून डिझेलच्या आकड्यापेक्षा तापमानाच्या आकड्यांवर माझा अधिक विश्वास आहे. बूस्टच्या घड्याळावरचा आकडा या सगळ्यात बदललेला नाही. ज्यांना बूस्ट म्हणजेच हवा वाटते त्यांनी एवढे एक वाक्य लक्षात घ्यावे.

१७ मे

ट्रॉली भरून रस्त्यावर नेली, तेव्हा दुसरी बाजू दिसली. २००० च्या पुढे धूर जुन्या मॅनिफोल्डपेक्षाही जास्त येतो. शिखराच्या वरच्या वेगात पाइपातील जड स्तंभ मागे पडतो आणि झडप बंद होताना दाब सरासरीखाली जातो. हे अपेक्षित होते, पण ट्रॅक्टरमालकाचे काम फक्त मळणीचे नाही.

टाकीपासून प्लेनमपर्यंत ६० मि.मी. व्यासाची, २५ सेंटिमीटरची दुसरी आखूड वाट दिली आणि तिच्यात एका जुन्या पेट्रोल गाडीची थ्रॉटल बॉडी (फिरत्या पाकळीने हवेची वाट उघडबंद करणारा भाग) बसवली. ती उघडली की शिखर इंजिनाच्या आवाक्याबाहेर, वर निघून जाते आणि लहरी ना मदत करतात ना अडथळा. उघडल्यावर रस्त्यावरचा धूर पूर्ववत कमी झाला. बंद केल्यावर मात्र १५०० चा चढउतार ०.१७ वरून ०.१४ वर उतरला, कारण पाकळीच्या कडेने आणि शाफ्टच्या भोवती हवा गळते.

४ जून

थ्रॉटल बॉडी काढून त्या जागी लेथवर केलेली सरकती सपाट पट्टी बसवली असून तिच्या दोन्ही बाजूंना गॅस्केट आहे. ती दांड्याने हाताने सरकवायची : मळणीला बंद, रस्त्यावर आणि नांगरटीला उघडी. चढउतार पुन्हा ०.१७ झाला. या बदलाला १२०० रुपये लागले.

एकूण खर्च असा : जुना टर्बो व तेलाच्या नळ्या १४,००० रुपये, पाइप, फ्लँज, टाकी, होज आणि मशीनिंग ६५०० रुपये, मोजमापाची साधने ३००० रुपये, वाया गेलेली पेटी २८०० रुपये आणि वर लिहिलेले १२०० रुपये, म्हणजे २७,५०० रुपये. अल्टरनेटरचे भाडे आणि चाचणीचे डिझेल यात धरलेले नाही.

पहिल्या काही तासांच्या कामानंतर फ्लँजचे नट पुन्हा आवळले, ते खरोखर ढिले झाले होते. टाकीच्या तळाशी तेलाचा पातळ थर जमतो, म्हणून तिथे निचऱ्याचा बोल्ट दिला आहे. मृगाच्या पेरणीला ट्रॅक्टर उद्या परत जाईल.

काही ट्रॅक्टरांना पीटीओ ५४० साठी १७०० आरपीएम लागतात. पोकळ्या, पाइपाचा व्यास आणि हवेचे तापमान हेच ठेवले, तर लांबी वेगाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, त्यामुळे त्यांना १.३० ऐवजी जवळपास एक मीटरचा पाइप पुरेल. तरीही तो आधी दहा सेंटिमीटर लांब कापावा, भारावर मोजावा आणि मग थोडा थोडा कमी करावा.